बदकांना काय घालायचं? पाव, वाटाणे, अक्षता आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात बागेतल्या पक्ष्यांबद्दल लिहिताना शेवटी मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की तळ्यातल्या बदकांना पाव टाकू नका, त्यापेक्षा मूठभर मक्याचे दाणे द्या. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं. निम्मी परदेशातून आलीत, जिथे घराजवळच्या बागेत बदकं अगदी पायापाशी येतात, आणि उरलेली पुणे, ठाणे, सोलापूर भागातली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडला, रीडिंगला आलेय. रोज दुपारी नातवाला घेऊन थेम्सच्या काठी बदकं बघायला जाते. पावाच्या उरलेल्या कडा पिशवीत भरून न्यायच्या, नातू खूश, बदकंही खूश. परवा एका बाईंनी अडवलं, म्हणाल्या पाव टाकू नका, त्यांचे पंख वाकडे होतात. दुसऱ्या दिवशी एक आजोबा म्हणाले काही होत नाही हो, आम्ही साठ वर्षं पावच घालतोय. आता खरं कुणाचं मानायचं आणि नातवाच्या हातात द्यायचं काय? (एक आजी, मूळच्या कोथरूडच्या)

उत्तर : आजी, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि म्हणूनच सगळा घोळ झालाय. पाव म्हणजे विष नाही, एक तुकडा खाल्ला म्हणून बदक मरत नाही. पण एका काठावर दिवसभरात तुमच्यासारखे कितीतरी जण येतात आणि प्रत्येकाच्या पिशवीत पावच असतो, मग त्या बदकाचं पोट सकाळी दहालाच मैद्याने गच्च होतं, आणि भरल्या पोटी कोण कशाला पाण्यात डोकं घालून किडे, गोगलगायी, पाणवनस्पतींची कोंबं शोधत बसेल. आपल्याकडे मूल जेवायच्या आधी बिस्किटं खाऊन बसलं की ताटातली भाजी तशीच राहते ना, अगदी तसंच.

तिथले कालवे आणि नद्या सांभाळणारी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट म्हणून संस्था आहे. त्यांचा अंदाज असा की इंग्लंड आणि वेल्समधे वर्षाला साठ लाखांच्या आसपास पावाचे लोफ बदकांना घातले जातात. त्यातला जो खाल्ला जात नाही तो पाण्यात कुजतो, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो, नायट्रोजन-फॉस्फरस वाढून शेवाळाचा हिरवा थर येतो, आणि काठावर जो पडतो त्याच्यावर रात्री उंदीर येतात. म्हणून त्यांनी मोहीम काढली की पावाऐवजी मका, ओट्स, वाटाणे, पाला असं काहीतरी द्या.

आता आजोबांची बाजू. अशा मोहिमांनंतर काही ठिकाणी लोकांनी 'पाव टाकू नका' एवढंच वाचलं आणि काहीच टाकायचं बंद केलं, दुसरं काय द्यायचं ते वाचलंच नाही. ज्या हंसांना वर्षानुवर्षं माणसांनी घातलेलं खायची सवय झालेली ते खंगल्याच्या तक्रारी यायला लागल्या. शेवटी २०१९ मधे ब्रिटिश राजघराण्याचे हंस बघणारे अधिकारी, ज्यांना तिकडे स्वान मार्कर म्हणतात, ते डेव्हिड बार्बर, यांनी उघडपणे सांगितलं की पावामुळे पंख वाकडे होतात याला पुरावा नाही, लोकांनी हंसांना घालणं थांबवू नये, फक्त बुरशी आलेला पाव नको.

पंख वाकडे होण्याला एंजल विंग म्हणतात. नाव गोड आहे, प्रकार फार वाईट. लंडनच्या एका बागेत मी असा एक कॅनडा गूज, म्हणजे बदकापेक्षा मोठा, हंसासारखा पाणपक्षी, पाहिला होता. पंखांच्या टोकाची लांब पिसं अंगाला चिकटून बसायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना आडवी बाहेर आलेली, मोडक्या छत्रीच्या काड्या बाहेर याव्यात तशी. त्याचा थवा उडाला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला, हा पळत पळत पाण्याच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. मान वर करून नुसता ओरडत राहिला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही माझ्या. हे होतं ते पिल्लू भराभर वाढत असतानाच, पिसं जड होतात आणि पंखाच्या मनगटाच्या सांध्याला ते वजन पेलत नाही, पंख बाहेरच्या बाजूला पिळला जातो, आणि मोठं झाल्यावर तो सरळ होत नाही. नेमकं कारण काय यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण पिल्लांच्या वाढीच्या दिवसात भरमसाठ उष्मांक आणि कमी पोषण असलेलं खाणं यावर बऱ्याच जणांचा संशय आहे. पुरावा पक्का नसला तरी दुसरं चांगलं काही हाताशी असताना ती जोखीम घ्यायचीच कशाला, असं मला वाटतं.

तर नातवाच्या हातात काय द्यायचं. तुमच्या लेकीच्या फ्रीजरमधे मटारचं पाकीट नक्की असणार. मूठभर मटार काढून पाण्यात ठेवा, बर्फ गेला की झालं, शिजवायचे नाहीत. दुसरं म्हणजे मक्याचे दाणे, डब्यातले असतील तर मीठ-साखर न घातलेले बघून घ्या आणि धुवून निथळून न्या. तिसरं, जाडे ओट्स, कोरडे, कच्चेच (मसाला ओट्स किंवा साखरवाली पाकिटं नाहीत हं). भाजी निवडताना निघालेली लेट्यूसची, कोबीची पानं नखाएवढी बारीक चिरून. द्राक्षं असतील तर एकाचे चार तुकडे, सबंध द्राक्ष घशात अडकू शकतं, बदकाला दात नसतात, ते गिळतं आणि मग आतली पेषणी बारीक खड्यांच्या मदतीने ते भरडते.

आणि घालायचं किती, हे काय घालायचं याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. नातवाच्या मुठीने दोन मुठी, बास. एक चिमूट टाका, संपू दे, मग दुसरी. बदकं वळून जायला लागली किंवा दाणे पाण्यावर तरंगत राहिले की पिशवी बंद. शक्यतो पाण्यातच टाका, काठावर बोलावू नका, काठावर कुत्री असतात आणि त्यांची शी पण तिथेच होते. घरी आलात की नातवाचे हात साबणाने स्वच्छ धुवा, बर्ड फ्लूचा विषाणू जंगली बदकांमधे कुठलंही लक्षण न दिसता असू शकतो. तिथे आजारी किंवा मेलेलं बदक दिसलं तर हात लावायचा नाही, आणि पाणवठ्यावर बर्ड फ्लूची पाटी लागलेली असेल तर तेवढे दिवस घालणं बंद.

आणि कडाक्याची थंडी पडलीय, तळं गोठलंय, हातात फक्त ब्राऊन ब्रेडचा एक तुकडा आहे आणि नातू हट्ट करतोय, तर दोन कण टाकले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका आजी. रोजची पिशवी मात्र मटारची असू दे.

प्रश्न : पोळीचा चुरा, शिळा भात, मुरमुरे, फरसाण यातलं काय चालतं? आम्ही भारतीय लोक ओट्स कुठे आणणार प्रत्येक वेळी. (न्यू जर्सी, आणि असाच प्रश्न मिल्टन कीन्सहून)

उत्तर : पोळी म्हणजे शेवटी पावाचीच बहीण, कणकेची असली तरी पोट भरण्यापलीकडे काही देत नाही, आणि तेल-मीठ असतंच. शिळा भात मीठ-फोडणीचा असेल तर अजिबात नको, साधा पांढरा मोकळा भात चमचाभर चालतो. मुरमुरे नकोत, फुगलेले असतात, पोट भरल्यासारखं होतं आणि मिळत काही नाही, वर बरेचदा खारे असतात. फरसाण, शेव, चिवडा, वेफर्स, खारे दाणे हे तर नावसुद्धा काढू नका, एवढ्याशा जिवाच्या मूत्रपिंडांना ते मीठ झेपत नाही. चॉकलेट, अॅव्होकाडो, कांदा, लसूण पक्ष्यांना बाधतात. कच्चा राजमा विषारी असतो, आपण स्वतःसुद्धा तो नीट शिजवल्याशिवाय खात नाही. बुरशी आलेलं काहीही नको, त्या बुरशीने पक्ष्यांच्या फुप्फुसाला संसर्ग होतो आणि त्यातून ते क्वचितच वाचतात.

पण आपल्या स्वयंपाकघरात चांगल्या गोष्टी खूप आहेत, त्या लक्षात येत नाहीत एवढंच. ज्वारी, बाजरी, गहू, तांदळाची कणी, मक्याचा भरडा. इंडियन ग्रोसरीच्या दुकानातून ज्वारी आणता ना भाकरीसाठी, त्यातलीच मूठभर. रानात बदक जे बी खातं त्याच्या सगळ्यात जवळचं तुमच्या डब्यात तेच आहे. फक्त ज्वारी-गहू पाण्यात बुडतात, म्हणून काठाजवळ उथळ पाण्यात टाका, तिथे ती डोकं घालून बरोबर वेचतात, खोल पाण्यात गेलेलं वाया.

प्रश्न : लग्नात अक्षतांचे कितीतरी तांदूळ उरले. टाकून द्यायचं जिवावर येतं म्हणून गावाबाहेरच्या तळ्यावर बदकांना घालावेत असं घरात ठरत होतं, तर भाच्याने सांगितलं की कच्चा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगतो आणि ते मरतात. खरं का? (सातारा)

उत्तर : कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो ही निव्वळ अफवा आहे, पण तुमच्या अक्षता बदकांना घालू नका, कारण वेगळं आहे.

अफवेचं आधी सांगते. अमेरिकेत पण लग्नात नवरा-नवरीवर तांदूळ टाकायची पद्धत आहे, आणि १९८५ मधे तिथल्या कनेक्टिकट राज्यात याच समजुतीवरून लग्नात तांदूळ टाकायला बंदी आणा असा प्रस्तावसुद्धा आला होता. पण आपल्या कोकणात, मावळात कुणालाही विचारा, भाताच्या खाचरात कापणीनंतर काय काय उतरतं. अडई नावाची आपली शीळ घालणारी बदकं रात्रीची भातशेतातच चरतात. कच्च्या तांदळाने पक्षी मरत असते तर भातशेतीच्या मुलखात एक बदक उरलं नसतं.

अक्षता नकोत त्या रंगामुळे. पूर्वी हळद नाहीतर घरचं कुंकू लावायचे, आता बाजारात जे लाल-पिवळं-हिरवं मिळतं त्यात कसला रंग असतो ते पाकिटावरही धड लिहिलेलं नसतं. शिवाय लग्नाच्या अक्षतांमधे चकचकीत टिकल्या, थर्माकोलचे मणी, फुलांच्या पाकळ्या असं बरंच सापडतं, मी चाळून बघितल्यात. ते सगळं पाण्यात जाणार. पुढच्या लग्नाला अक्षताच कमी करा, मूठभर मुलांच्या हातात आणि बाकीच्यांनी फुलांच्या पाकळ्या, असं आमच्या घरच्या गेल्या दोन्ही लग्नांत केलं, कुणाचं काही अडलं नाही. उरलेले न रंगवलेले तांदूळ असतील तर ते सरळ कुणाच्या तरी घरी शिजू देत.

प्रश्न : जानेवारीत आम्ही ग्रुपने भिगवणला जाणार आहोत. तिथल्या पक्ष्यांसाठी काय खाऊ न्यावा? मागे आम्ही मुंबईत बोटीतून सीगल्सना गाठी घातल्या होत्या, हातातून घेऊन जातात, फोटो मस्त येतात. (डोंबिवली)

उत्तर : काहीही नेऊ नका. हे मी अगदी मनापासून सांगतेय, कृपा करून काहीही नेऊ नका.

वर आजींना मी वाटाणे सांगितले आणि तुम्हाला नाही म्हणतेय, तर हा भेद का ते नीट सांगायला हवं, कारण मला वाटतं या सगळ्या प्रश्नोत्तरांत हेच सगळ्यात जास्त गैरसमजाचं आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या शहरी बागांमधली मॅलार्ड बदकं पिढ्यानपिढ्या माणसांच्या सोबतीने वाढलीत. काहींचे पूर्वज तर पाळीवच होते. तिथे घालायचं का नाही हा प्रश्न मागे पडलाय, काय घालायचं एवढाच उरलाय. आपल्या तळ्यांवरचं तसं नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे तुमच्या भिगवणलाच, नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीला थंडीत जी बदकं उतरतात ती हिमालयाच्या पलीकडून, मध्य आशियातून आलेली असतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी. माणूस दिसला की लांबूनच उठतात, आणि ती भीती हीच त्यांची सुरक्षितता आहे. फार पूर्वीपासून शिकार होत आलीय त्यांची, अजूनही चोरून होते. भिगवणच्या नाववाल्याकडून खाऊ घ्यायला जे बदक शिकेल ते पुढच्या मुक्कामी बंदूकवाल्याच्याही जवळ जाईल.

आणि त्यांना लागतं ते आपल्या पिशवीत नसतंच. थापट्याची चोच एकदा दुर्बिणीतून बघाच, पुढे पसरट, चमच्यासारखी, आणि कडांना बारीक कंगव्यासारखे दाते. तो ती चोच पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवून पुढे पुढे सरकत जातो, पाणी बाजूने बाहेर आणि त्यातले अगदी डोळ्यांना न दिसणारे जीव आणि बिया आत, चालती-फिरती चाळणीच ती. कधीकधी पाच-सात जण मिळून गोल गोल फिरतात, त्याने तळातलं वर येतं आणि पुढच्याने ढवळलेलं मागचा गाळून घेतो. मी एकदा अर्धा तास हेच बघत बसले होते, नाववाला कंटाळून बिडी ओढून आला. अशा पक्ष्याला गाठी-फरसाण कशाला हो.

फेब्रुवारी-मार्चमधे यांना परत जायचं असतं, त्याआधी अंगावर चरबी साठवावी लागते. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून जातो. त्या प्रवासाचं इंधन म्हणजे इथल्या पाण्यातलं आणि शेतातलं खाणं. आपण बोट जवळ नेऊन थवा उठवला की तेवढी चरबी उगाच जळते, म्हणून खाऊ न नेण्याइतकंच हेही सांगते, नाववाल्याला आधीच सांगून ठेवा की दादा, जवळ नेऊ नका, इंजिन लांबच बंद करा, आम्हाला घाई नाही. तो ऐकतो, त्याला वाटत असतं की पाहुण्यांना जवळच जायचं असतं.

सीगल्सचं पण तेच. त्यांना आपण मराठीत कुरव म्हणतो, काळ्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव थंडीपुरते मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर येतात. मासे, किडे, खाडीतले जीव खाणारा पक्षी आणि आपण त्याला तळलेलं बेसन घालतो, मीठ, सोडा, तेल. ठाण्याची खाडी २०२२ मधे रामसर स्थळ झाली, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळींच्या यादीत गेली, आणि तिच्या आसपास आजही गाठीची पाकिटं उघडली जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्यावर रागावलेले नाहीये मी, तुम्ही प्रेमानेच घातलंत हे कळतं. यावेळी दुर्बीण न्या, भाड्याने पण मिळते. खाऊ स्वतःसाठी न्या, आणि पाकिटं परत आणा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत छोटं तळं आहे, बिल्डरने सहा पांढरी बदकं सोडली होती, चार उरलीत. लोक वरून काहीही टाकतात. कमिटीत दोन मतं आहेत, एक म्हणजे यांना जवळच्या मोठ्या तलावात सोडून द्यावं, मोकळी राहतील बिचारी. (ठाणे, घोडबंदर रोड)

उत्तर : तलावात सोडू नका. ही पांढरी बदकं पाळीव आहेत, अंगाने जड, त्यांना धड उडता येत नाही. पहिल्या दोन-चार रात्रींत कुत्री त्यांना संपवतील. आणि जी वाचतील ती तिथल्या जंगली बदकांत मिसळतील. पाळीव बदकं मूळची मॅलार्डपासून आलेली, आपल्या हळदी-कुंकू बदकाच्या अगदी जवळच्या नात्यातली, त्यांचा संकर होऊ शकतो आणि हळूहळू आपली रानटी जात भेसळीची होते. हळदी-कुंकू हे काय सुंदर नाव ठेवलंय ना लोकांनी! काळी चोच, तिच्या टोकाला हळदीचं बोट आणि कपाळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचे ठिपके. ते जपायला हवं.

तुमच्या बदकांची गोष्ट वेगळी आहे, ती पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे त्यांना 'थोडंसं' घालून चालणार नाही, रोजचं नीट जेवण लागेल. पोल्ट्रीच्या दुकानात बदकांचं पेलेट फीड मिळालं तर उत्तम, नाहीतर अंड्यांवरच्या कोंबड्यांचं लेयर फीड, पण पिल्लांसाठीचं औषध घातलेलं खाद्य नको, दुकानदाराला विचारून घ्या. कोंबड्यांपेक्षा बदकांना नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात, विशेषतः पिल्लांचे. मटार त्याला चांगले. वरून चिरलेला पाला, मोड आलेले मूग, थोडा मक्याचा भरडा. माद्या अंडी देत असतील तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. बारीक वाळू-खडे कुठेतरी ठेवा, पेषणीला लागतात. खाद्याच्या शेजारी एवढं खोल पाणी हवं की डोकं पूर्ण बुडेल, खाता खाता ती चोच धुतात, नाकपुड्या साफ करतात, त्याशिवाय त्यांना नीट गिळता पण येत नाही.

आणि कमिटीला एक सुचवते, वरून टाकू नका अशी पाटी लावलीत तर दोन दिवस पाळतील. त्यापेक्षा खाद्याचा एक डबा गेटवर वॉचमनकाकांकडे ठेवा आणि संध्याकाळी सहाला मुलांनी पाळीपाळीने एक वाटी घालायची असं ठरवा. ज्याची आज पाळी आहे ते मूल बाकीच्यांना बरोबर ओरडतं. उरलेलं ओलं खाद्य रोज काढून टाकायचं, हे मात्र मोठ्यांचं काम.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या तळ्यात बदकाची नऊ पिल्लं झालीत. अगदी एवढुशी आहेत. त्यांना काय द्यावं? (न्यू जर्सी)

उत्तर : ताई, काही नाही. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांना लागतात ती प्रथिनं, आणि ती पाण्यावरचे डास-माश्या, त्यांच्या अळ्या यातून मिळतात, आई त्यांना बरोबर तिथे नेते. आपण दाणे टाकले की सगळे मोठे नर आणि गूज धावत येतात, त्या गर्दीत पिल्लं चिरडतात, आईपासून तुटतात. लांबून बघा, कुत्रा फिरवणाऱ्या शेजाऱ्यांना पट्टा धरायला सांगा, आणि तळ्याच्या काठचं गवत एवढ्यात कापू नका म्हणून मॅनेजमेंटला एक मेल टाका, पिल्लं लपतात त्यात. नऊची सहा झाली तरी घाबरू नका, रडू आलं तर येऊ दे, पण होतं असं.

प्रश्न : सिंगापूरला बागेत अडई दिसतात, घालू का काही? (सिंगापूर)

उत्तर : नाही. तिथे २०२० पासून कायद्यानेच जंगली प्राण्या-पक्ष्यांना परवानगीशिवाय खायला घालायला बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशात कुठेही असाल तरी घालायच्या आधी तिथला नियम बघून घ्या, बऱ्याच पार्कांमधे मनाई असते.

प्रश्न : आमच्या गावतळ्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला दोन-तीन बदकं मान टाकलेली दिसली, उडत नव्हती. पोरांनी भुकेली असतील म्हणून भाकरी टाकली, पण खाल्ली नाही. पाणी खूप आटलंय आणि वास येतो. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : दादा, ही भूक नसावी. आटलेलं, तापलेलं, कुजकट पाणी आणि मान टाकलेला पक्षी म्हटलं की माझ्या मनात पहिली शंका बॉट्युलिझमची येते. कुजणाऱ्या पाण्यात, मेलेल्या जिवांत एक जिवाणू विष तयार करतो, त्या विषाने पक्ष्याचे पाय, पंख आणि शेवटी मान लुळी पडते, बरेचदा पक्षी मान पाण्यात पडूनच बुडतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्या अळ्यांत ते विष साठतं, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही पडतो, असं ते चक्र भराभर वाढतं. राजस्थानात सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मधे असेच अठरा हजारांच्या आसपास पक्षी मेले, त्यात थापटे पण होते, बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासून कारण बॉट्युलिझमच सांगितलं. तिथे मेलेले पक्षी उचलून पुरणं हेच सगळ्यात मोठं काम झालं होतं.

अर्थात हे पत्रावरून नक्की सांगता येत नाही, बर्ड फ्लू पण असू शकतो, कीटकनाशक पण. आपल्या नवापूरला २००६ मधे देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांमधे सापडला होता हे आठवत असेल. म्हणून पोरांना हात लावू देऊ नका, कोंबड्या त्या तळ्यावर सोडू नका, कुत्री लांब ठेवा. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे कळवा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही सांगा. किती पक्षी, कधीपासून, मान कशी, एवढं लिहून ठेवा आणि आहात तिथूनच मोबाइलवर फोटो काढा. त्या तळ्यात भाकरी, निर्माल्य, उरलेलं अन्न यातलं काहीही आता टाकू नका, ते तिथे कुजणारच आहे.

प्रश्न : मी चौथीत आहे. बदकं पिशवीचा आवाज आला की पळत येतात, म्हणजे त्यांना भूक लागलेली असते का? (रीडिंग, आजीच्या मेलमधे शेवटी नातवाने स्वतः लिहिलेलं)

उत्तर : अरे वा, किती छान निरीक्षण केलंस! नाही रे, दर वेळी भूक नसते. पिशवी वाजली की खाऊ येतो हे ती शिकलीत, जसं तुझ्या आजीने डब्याचं झाकण उघडलं की तू स्वयंपाकघरात येतोस. खरी भूक बघायची असेल तर एक दिवस पिशवी घरी ठेवून जा आणि गुपचूप बस. थोड्या वेळाने बदकं तुला विसरतील आणि शेपूट वर, डोकं पाण्यात करून तळाचं खायला लागतील, पाय हलत राहतात तेव्हा त्यांचे, तोल सांभाळायला. एक बदक किती सेकंद डोकं आत ठेवतं ते मोज. दहा बदकांचं मोजून झालं की आजीच्या मेलवरून मला पाठव, मी वाट बघते.